ग्रीन कार्ड असलेल्या मेक्सिकन बाईंनी आत्ता नागरिकत्वाचा अर्ज करावा का? (सॅन अँटोनिओ, टेक्सास)

सोलापुरी_चटणी (नोव्हेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. एच-१बी, ओसीआय, आई-बाबांचा व्हिसा यावर इथे ढीगभर धागे आहेत, पण मला हवं ते कुठेच सापडलं नाही म्हणून नवा काढतेय. प्रश्न माझा नाही, आमच्या लुपेचा आहे. (नाव बदललंय.)

लुपे माझ्या मुलीला सांभाळते. वय ५७. मूळची मेक्सिकोतल्या मिचोआकानची. १९८५ साली सरहद्द चोरून ओलांडूनच आली, ते ती लपवत नाही. दक्षिण टेक्सासात कांदा काढायला जायची. रेगनच्या काळात कागद नसलेल्यांना जी माफी झाली, त्यात शेतमजूर म्हणून कागद झाले, १९९० ला ग्रीन कार्ड मिळालं. तेव्हापासून तेच नवं करून घेतेय. नागरिक काही झाली नाही. का, तर इंग्रजीची धास्ती, फीचे पैसे, आणि 'शेवटी परतच जायचंय ना'. यातलं तिसरं कारण ऐकून मी गप्प बसले. आमच्याही घरात दर दिवाळीला हेच चालतं.

नवरा माफीनंतर आलेला, त्यामुळे त्याच्याकडे कागद नाहीत. छपरं घालतो. मागे गारपीट झाली तेव्हा आमच्या अख्ख्या कॉलनीची छपरं ज्या लोकांनी बदलली, त्यातलाच एक. मुलगा इथे जन्मलेला, अमेरिकन नागरिक, एअर फोर्समध्ये आहे. एअर फोर्सचं बेसिक ट्रेनिंग आमच्याच गावात, लॅकलंडच्या तळावर होतं. पोरगं घरापासून वीस मिनिटांवर होतं. संचलनाच्या दिवशी आई ग्रीन कार्ड दाखवून आत गेली. बापाला गेटवर दाखवायला काही नाही, म्हणून तो बाहेर एका टाकेरियात (मेक्सिकन खाणावळीत) बसून राहिला. नंतर पोरगं गणवेशातच तिथे गेलं. लुपेच्या फोनमध्ये तो फोटो आहे: बाप-लेक, मागे कोकच्या बाटल्यांचा फ्रिज, आणि बापाने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, जो कोणी बघितलाच नाही.

आता मुद्दा. डिली गावचं स्थलांतरित कुटुंबांना डांबून ठेवायचं केंद्र यंदा पुन्हा सुरू झालं, आमच्यापासून ते तास-सव्वा तासावर. तेव्हापासून बाई घाबरली आहे. म्हणाली, तू कॉम्प्युटरवाली, माझा फॉर्म भरून दे. एन-४००, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, उघडून बसलो दोघी. 'कधी अटक झाली होती का' इथे आलो आणि ती बोलायचीच थांबली. मग कळलं, १९९४ साली दुकानातून कपडे उचलल्याची केस होती. गुन्हा कबूल केला, जज्जने काही महिने नीट वागायला सांगितलं, ती वागली, केस 'डिसमिस' झाली. तिच्या मते विषय तिथेच संपला.

मग आता तिथे 'नाही' लिहायचं का? आणि मुळात अर्ज करावा, की आहे ते कार्ड घेऊन गपचूप राहावं? माझा नवरा म्हणतो तू यात पडू नकोस, आपलंच अजून लोंबकळतंय.

---

प्रथमेश_एनजे

ताई, राग मानू नका, पण तुमच्या नवऱ्याचं बरोबर आहे. माझी प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) नोव्हेंबर २०१३ ची आहे. अजून रांगेत. या काळात दोनदा ले-ऑफ बघितला, बाबांच्या शेवटच्या आजारपणात व्हिसा स्टँपिंगच्या भीतीने वेळेवर जाता आलं नाही. आणि ज्यांनी चोरून कुंपण ओलांडलं त्यांच्यासाठी आपण फॉर्म भरत बसायचं? सुरक्षा म्हणून काही असतं की नाही? कोण आत येतंय हे देशाला माहीत असायला नको? मी वाईट माणूस नाही, पण रांग मोडणाऱ्याबद्दल मला कळवळा येत नाही. तुमच्या बाईंना शुभेच्छा.

---

वाईकर

चटणीताई, आधी तुमचं काम, प्रथमेशकडे मग वळतो.

मी शिकागोचा. निवृत्त झाल्यापासून शनिवारी एका चर्चच्या तळघरात नागरिकत्वाच्या शिबिराला जातो, टेबलावर बसून लोकांचे कागद लावून देतो. मी वकील नाही. पण लुपेबाईंसारखी माणसं तिथे फार येतात, आणि त्यांच्यापैकी निम्म्यांना आम्ही 'आज फॉर्म भरू नका' असं सांगून परत पाठवतो.

'नाही' लिहायचं नाही. प्रश्न शिक्षा झाली का असा नाहीच, अटक झाली का असा आहे. बोटांचे ठसे घेतल्यावर १९९४ पण निघतं आणि त्याच्या आधीचंही निघतं. आज खोटं खपून गेलंच, तरी पुढे तेच खोटं नागरिकत्व काढून घ्यायला कारण होतं. यंदा ११ जूनला न्याय खात्याने आपल्या वकिलांना लेखी कळवलंय की नागरिकत्व रद्द करण्याच्या केसेसना अग्रक्रम द्या.

आता ते 'डिसमिस'. टेक्सासमध्ये याला डेफर्ड ॲडज्युडिकेशन म्हणतात. राज्याच्या कायद्यात ती शिक्षा धरत नाहीत. पण १९९६ साली क्लिंटनच्या सहीने जो इमिग्रेशनचा कायदा झाला, त्यात 'दोषी' कोण याची व्याख्याच वेगळी केली. गुन्हा कबूल केला आणि जज्जने कसलंही बंधन घातलं, की इमिग्रेशनपुरते तुम्ही दोषी. केस नंतर पुसली तरी. आणि ही व्याख्या मागच्या तारखेपासून लागू, म्हणजे १९९४ च्या कबुलीलाही. त्या दिवशी कोर्टात बाईंच्या वकिलाने त्यांना जे सांगितलं ते तेव्हा खरं असेलही, दोन वर्षांनी कायदाच बदलला.

म्हणून पहिलं काम, तुमच्या बेअर काउंटीच्या क्लार्ककडून त्या केसची प्रमाणित प्रत काढा (दुसऱ्या काउंटीत झाली असेल तर तिथून). त्यात एक अक्षर बघायचं: 'क्लास ए' की 'क्लास बी'. ग्रीन कार्ड १९९० चं, केस १९९४ ची, म्हणजे पाच वर्षांच्या आतली. पाच वर्षांच्या आत चोरीसारखा गुन्हा असेल आणि त्याला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा होऊ शकत असेल, तर माणूस देशाबाहेर काढण्याजोगा ठरतो. किती झाली हे बघत नाहीत, किती होऊ शकली असती हे बघतात. टेक्सासात क्लास ए ची कमाल शिक्षा एक वर्ष, क्लास बी ची १८० दिवस. उचललेल्या कपड्यांची किंमत किती धरली होती यावर हे अक्षर ठरलं असणार. एकतीस वर्षांपूर्वी दुकानाच्या मॅनेजरने लिहिलेली किंमत.

ए निघालं तरी सगळं बुडालं असं नाही. १९९६ च्या आधी गुन्हा कबूल केलेल्यांना जुन्या कायद्यातली सवलत मागता येते, सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये सेंट सायरच्या केसमध्ये तसं ठरवलंय. पण ती मागायची इमिग्रेशन जज्जसमोर, आणि तिथवर जायचं की नाही हे वकिलानेच बघायचं. पूर्वी अर्ज नाकारला तर माणूस फी बुडाली म्हणून घरी जायचा. यंदा फेब्रुवारीपासून धोरण असं आहे की अर्ज नाकारला आणि माणूस काढण्याजोगा दिसला, तर थेट इमिग्रेशन कोर्टाची नोटीस. त्यामुळे एन-४०० म्हणजे आपण होऊन आपली सगळी फाइल त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवणं आहे, हे धरून चाला.

अजून एक विचारा, नीट, दोनदा विचारा: कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं का? लायसन्सच्या काउंटरवर कारकून घाईत विचारतो, माणूस मान डोलावतो, आणि नाव यादीत जातं. चोरीपेक्षा हे महागात पडतं, कारण तो नागरिक असल्याचा खोटा दावा धरला जातो. आमच्याकडे एका आजोबांना याच कारणाने परत पाठवलं होतं. त्यांनी मत दिलं होतं, आणि मोठ्या अभिमानाने 'मी मतदान केलंय' चा स्टिकर कागदांबरोबर आणला होता.

तोवर बाईंनी मेक्सिकोला जाऊ नये. लग्न असो, मयत असो. परत येताना विमानतळावर हाच १९९४ चा कागद समोर येऊ शकतो.

इंग्रजीची भीती मात्र सोडून द्या. वय पन्नासच्या वर आणि ग्रीन कार्डला वीस वर्षं झालेली, तर इंग्रजीची परीक्षाच माफ आहे. नागरिकशास्त्राचे प्रश्न दुभाषी घेऊन स्पॅनिशमध्ये देता येतात. यंदा २० ऑक्टोबरनंतरच्या अर्जांना नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांतले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. फी ऑनलाइन ७१० डॉलर, कागदावर ७६०, उत्पन्न कमी असेल तर ३८०, आणि अगदीच कमी असेल तर माफीचाही अर्ज आहे.

शेवटचं तुमच्यासाठी. टायपिंग करून द्या, पण 'इथे काय लिहू' याचं उत्तर तुम्ही देऊ नका. न्याय खात्याची मान्यता असलेले प्रतिनिधी धर्मादाय संस्थांमध्ये असतात, ते कमी पैशांत किंवा फुकट बघतात. आणि 'नोतारियो' अशी पाटी लावलेल्या दुकानात तर पाऊल टाकू देऊ नका. त्यांच्या देशात तो वकिलाच्या बरोबरीचा माणूस, इथे नुसता शिक्का मारणारा. या पाटीने किती घरं धुऊन काढली त्याला गणती नाही.

---

अंजू_एलए

वाईकरकाकांनी सगळं लिहिलंच आहे, मी आपल्यापुरतं थोडं लिहिते, कारण 'हा त्यांचा प्रश्न' हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

जूनमध्ये इथे धाडी सुरू झाल्या तेव्हा कार वॉश, हार्डवेअरच्या दुकानाचं पार्किंग, बस थांबा, असं कुठेही उतरून लोकांना अडवत होते. खालच्या कोर्टाने सांगितलं की नुसता दिसायला कसा, स्पॅनिश बोलतो का, कुठे उभा आहे आणि काय काम करतो, एवढ्यावर अडवू नका. ८ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली. माझा नवरा कोल्हापूरचा, रंगाने सावळा, शनिवारी फरशा आणायला हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि तिथे त्याच्याशी निम्मे लोक आधी स्पॅनिशच बोलतात. आता तो आय-९४ ची, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीची, प्रत खिशात ठेवतो. अठरा वर्षांवरच्या बिगर-नागरिकाने कागद जवळ बाळगायचे हा कायदा जुनाच आहे, आपण तो कधी मनावर घेतला नव्हता एवढंच.

दुसरं, मला फेब्रुवारीत बाळ होणार आहे. २० जानेवारीला जन्मसिद्ध नागरिकत्वाबद्दल जो आदेश निघाला, त्यात फक्त कागद नसलेल्यांची मुलं आहेत असं आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांना वाटत होतं. नाही हो. आई एच-१बी किंवा एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर आणि बाप नागरिकही नाही, ग्रीन कार्डवालाही नाही, तर ते बाळसुद्धा त्यात येतं. सध्या (नोव्हेंबर २०२५) कोर्टांनी आदेश अडवून धरलाय. १८९८ साली वाँग किम आर्क नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या स्वयंपाक्याने केस जिंकली, त्यावर आपल्या सगळ्यांच्या मुलांचे पासपोर्ट उभे आहेत.

---

प्रथमेश_एनजे

अंजू, ते बाळाचं मलाही माहीत नव्हतं. पण माझा रांगेचा मुद्दा तसाच आहे. कोणी त्याचं उत्तर दिलं नाही.

---

वाईकर

देतो. बाबांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. तुझा राग रास्त आहे, फक्त तो चुकीच्या घरी चाललाय.

तू ज्या रांगेत उभा आहेस ती लुपेबाईंसाठी कधी नव्हतीच. शिक्षण नाही, शेतात काम, अशा माणसाला नोकरीवर ग्रीन कार्ड द्यायचे कायद्यात वर्षाला १० हजार नग आहेत, ते अख्ख्या जगाला मिळून, आणि त्यासाठीही मालकाने अर्ज करायला हवा. कांद्याच्या शेतावरचा मुकादम कोणाचा अर्ज करतो? उरली नात्याची रांग. मेक्सिकोतल्या भावा-बहिणीसाठी आज नागरिकाने अर्ज केला, तर नंबर यायला वीस वर्षांहून जास्त लागतात. कारण कोणतं माहितेय? एका देशाला एकूण कोट्याच्या सात टक्क्यांहून जास्त नाही, हा नियम. ज्याने तुला २०१३ पासून अडकवलंय तोच. आपल्याला तो नोकरीच्या खिडकीवर अडवतो, त्यांना नात्याच्या.

आणि कुंपणाचं म्हणशील, तर १९४२ ते १९६४ अमेरिकेनेच ब्रासेरो योजनेखाली मेक्सिकन मजूर आणले, ४६ लाखांच्या आसपास करार झाले. योजना बंद केली. १९६५ च्या कायद्याने पश्चिम गोलार्धावर पहिल्यांदा मर्यादा आणली, १९७६ मध्ये मेक्सिकोला वर्षाला २० हजारांचा आकडा बसवला. शेतं तीच, हंगाम तोच, माणसंही बहुतेक तीच. कायद्याने ती एका रात्रीत बेकायदा झाली. १९६५ चाच कायदा आपल्या लोकांना इथे घेऊन आला हे विसरू नकोस, मीही त्याच दारातून आलो.

आता सुरक्षा. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातले एकोणीसच्या एकोणीस जण व्हिसा घेऊन आले होते. एकही मेक्सिकन नव्हता, एकही नदी पोहून आला नव्हता. पण कुऱ्हाड कुठे पडली बघ. तोवर इमिग्रेशनचं काम न्याय खात्यातल्या आयएनएसकडे होतं. १ मार्च २००३ पासून अर्ज घेणारे, सरहद्द राखणारे आणि घरी येऊन पकडणारे असे तिघेही होमलँड सिक्युरिटी या नव्या सुरक्षा खात्याखाली गेले. त्याआधी नोव्हेंबर २००१ मध्ये कायदा झाला की विमानतळावर बॅगा तपासणारा माणूस नागरिकच हवा. माझ्याबरोबर शनिवारी बसतो तो एक जण तेव्हा ओ'हेअर विमानतळावर तपासणीला होता, ग्रीन कार्डवर, मेक्सिकन. नोकरी गेली. त्याचा धाकटा भाऊ त्याच वेळी, त्याच ग्रीन कार्डवर, आर्मीत होता. म्हणजे रायफल घेऊन इराकला जायला चालतो, पण आजीबाईंच्या पर्समधली नेलकटर शोधायला चालत नाही. हा किस्सा तो इतका हसत सांगतो की नवीन माणसाला विनोदच वाटतो.

इराकमध्ये २१ मार्च २००३ ला, युद्धाच्या अगदी सुरुवातीला, जे अमेरिकन सैनिक पडले त्यात होसे अँतोनिओ गुतिएरेस होता. ग्वातेमालाचा अनाथ पोरगा, कागदांशिवाय आलेला, पुढे ग्रीन कार्ड मिळवून मरीन झाला. नागरिकत्व मिळालं ते मेल्यावर. उलट हेक्टर बाराहास आर्मीतून बाहेर पडला, गुन्ह्यात सापडला, शिक्षा भोगली आणि वर मेक्सिकोत हाकलला गेला. तिहुआनात त्याने आपल्यासारख्याच हाकललेल्या माजी सैनिकांसाठी घर चालवलं. २०१७ ला कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने माफी दिली, २०१८ ला नागरिक झाला. गुन्हा केला होता का, हो केला होता. मी त्याचं समर्थन करत नाही. पण इथे जन्मलेला सैनिक तोच गुन्हा करून शिक्षा संपली की घरी जातो.

डिसेंबर २००५ मध्ये हाउसने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहाने, एक विधेयक मंजूर केलं. नावातच दहशतवादविरोध होता, आणि आत तरतूद अशी की कागदांशिवाय इथे नुसतं असणं हाच गंभीर गुन्हा. १० मार्च २००६ ला शिकागोत आमच्या ऑफिसच्या खिडकीखालून मोर्चा गेला, तो संपेचना. हॉटेलांची स्वयंपाकघरं बंद, आमचं जेवण आलं नाही, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या लोकांना पहिल्यांदा कळलं की रोज जेवण कोण करतं. मीही त्या वरच्याच मजल्यावर होतो. ते विधेयक सिनेटमध्ये मेलं.

कोण आत येतंय हे माहीत असावं, हे मला मान्य आहे. पण पस्तीस वर्षं जिचे ठसे, पत्ता, कर, सगळं सरकारकडे आहे अशा बाईला १९९४ च्या दोन कपड्यांवरून पकडून कोणाची सुरक्षा होते, ते तू मला सांग.

---

सोलापुरी_चटणी

काका, प्रथमेश, अंजू, सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, कारण कागदाची वाट बघत होते.

प्रथमेश, एक सांगते. फेब्रुवारीत बेड्या घालून १०४ भारतीय अमृतसरला नेले ते लष्करी विमान आमच्याच गावातून उडालं अशा बातम्या होत्या. त्यात तीन जण महाराष्ट्रातले होते. मी तोवर तुझ्यासारखंच बोलायचे.

प्रत मिळाली. क्लास बी! लुपेला मी समजावून सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "किती किंमत लावली होती त्यांनी?" कागदावर वाचून दाखवली. म्हणाली, "एवढी नव्हती." तीस वर्षांनीही तिला त्या फ्रॉकची किंमत पाठ आहे. फ्रॉक तिच्या बहिणीच्या मुलीच्या वाढदिवसासाठी होता.

मतदार यादीचं दोनदा विचारलं. मत कधी दिलं नाही म्हणते, पण लायसन्सच्या फॉर्मवर काय टिक केलं ते आठवत नाही. मान्यताप्राप्त प्रतिनिधीची वेळ मिळाली आहे, त्या बाई यादी तपासून मगच फॉर्मला हात लावू म्हणाल्या. फॉर्म मी बंद करून ठेवलाय.

आता लुपेच्या नवऱ्याचं. मागे आम्ही साउथ पाद्रेला, समुद्रावर, निघालो तेव्हा लुपेला चल म्हटलं होतं, ती एकटी यायला तयार होईना. परतीच्या वाटेवर ती चौकी लागते ना, हायवेवरची (नाव सरिता, आमच्या सोसायटीतल्या सरिताकाकूंना सांगितलं तर खूश होतील). तिथे प्रत्येक गाडी थांबवून नागरिक का विचारतात. त्यामुळे तो माणूस इतकी वर्षं टेक्सासात राहून समुद्राला त्या बाजूने गेलाच नाही. लुपे नागरिक झाली तर त्याचं काही होतं का? आणि त्यालाही प्रतिनिधीच्या भेटीला बरोबर नेऊ का?

---

वाईकर

क्लास बी, उत्तम. तरी फाइल पूर्ण बघू दे त्यांना.

नवऱ्याचं लुपेबाईंच्या नागरिकत्वाने आपोआप सुटत नाही. तो तपासणीशिवाय आत आला, म्हणजे इथे बसून ग्रीन कार्ड नाही. बाहेर जाऊन व्हिसा घ्यायचा म्हटलं तर एक वर्षाहून जास्त बेकायदा राहिल्याबद्दल दहा वर्षांची बंदी, हीसुद्धा १९९६ चीच देणगी. त्या बंदीची माफी बाहेर जायच्या आधी इथूनच मागता येते. पण तुमच्याकडे त्याहून चांगली गोष्ट आहे ती म्हणजे मुलगा. सैन्यात असलेल्यांच्या आई-वडिलांना 'पॅरोल इन प्लेस', म्हणजे इथेच राहायची तात्पुरती परवानगी, मागता येतो. तो मिळाला तर देशाबाहेर न जाता मुलाच्या अर्जावर पुढे जाता येतं, मुलगा २१ चा झाला असेल तर. मात्र देणं न देणं सर्वस्वी त्यांच्या मर्जीवर, म्हणून आज ते कसं चाललंय हे वकिलाकडूनच कळेल. तो कधी पकडला जाऊन परत आला होता का, हेही आधी विचारा. असेल तर सगळं गणित बदलतं.

भेटीला त्याला नेऊ नका. त्याची वेगळी वेळ घ्या, सैनिकांच्या कुटुंबांची कामं करणाऱ्या वकिलाकडे. जाताना मुलाच्या नोकरीचं पत्र आणि जन्मदाखला बरोबर असू द्या. घराचं दार कोणी वाजवलं तर दाराखालून कागद सरकवायला सांगा आणि सही कोणाची आहे ते बघा. जज्जची नसेल तर दार उघडायचं नाही. हे लुपेबाईंच्या फ्रिजवर स्पॅनिशमध्ये चिकटवून ठेवा.